औंधातला हेन्री मूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यमाईचं दर्शन घेऊन डोंगर उतरताना बरीच मंडळी वाटेतल्या श्री भवानी संग्रहालयात शिरतात. राजा रविवर्मा, धुरंधर यांच्या चित्रांपुढे लोक रमतात. मग 'माता व बालक' या दगडी शिल्पापाशी येतात आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागतात. मी सातारा जिल्ह्यात चित्रकला शिकवतो, मुलांना आणि त्यांच्या पालकांना घेऊन औंधला जात असतो. त्या शिल्पापाशी जे प्रश्न कानावर पडतात ते मला फार मोलाचे वाटतात, कारण ते मनापासून विचारलेले असतात. त्यांची उत्तरं तिथं उभ्या उभ्या नीट देता येत नाहीत, म्हणून इथं सवडीनं लिहिली आहेत.

हा हेन्री मूर कोण?

विसाव्या शतकातला इंग्लंडचा सर्वांत नावाजलेला शिल्पकार. जन्म ३० जुलै १८९८ रोजी यॉर्कशरमधल्या कॅसलफर्ड या गावी, मृत्यू ३१ ऑगस्ट १९८६ रोजी. १९४८ साली व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे तिथल्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, त्याला शिल्पकलेचं आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं आणि तिथून पुढे त्याची कामं जगभर गेली. पॅरिसला युनेस्कोच्या मुख्यालयात, लंडनला पार्लमेंटच्या शेजारी, शिकागो विद्यापीठात जिथं १९४२ साली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया झाली त्या जागेवर, अशा ठिकाणी त्याची शिल्पं उभी आहेत. 'सर' हा किताब त्यानं १९५१ मध्ये नाकारला.

एवढ्या मोठ्या शिल्पकाराचं काम खटाव तालुक्यात कसं?

त्याचं श्रेय औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांच्या संग्रहाला. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे राजे म्हणून आपल्याकडे त्यांचं नाव घेतात. ज्या काळात त्यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्यानं राज्यकारभार रयतेच्या हाती सोपवला, त्याच काळात, १९३८ साली, हे संग्रहालय उभं राहिलं. ते स्वतः चित्रकार होते. रयतेला राज्य देणं आणि संग्रहालय उभारणं, मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. संस्थान लहान, मुलूख दुष्काळी, आणि तरी गावच्या माणसाला जगातली उत्तम चित्रं-शिल्पं गावातच बघायला मिळावीत असं वाटणारा राजा आपल्याला लाभला. मुंबई-दिल्लीच्या कलाविद्यार्थ्याला मूरचं दगडातलं काम बघायला लांबचा प्रवास करावा लागतो. रहिमतपूरच्या पोराला यष्टीचं तिकीट पुरतं.

शिल्पात आई कुठे आहे, मूल कुठे आहे? चेहरे का नाहीत?

हा प्रश्न सगळेच विचारतात.

आधी एक करा. समोर उभे असाल तर बाजूला सरा. गोल कोरलेलं शिल्प एका जागेवरून बघून कळत नाही. दोन पावलं डावीकडे गेलं की कड बदलते, जी जागा सपाट वाटत होती ती फुगीर निघते. आई आणि मूल हा विषय मूरनं जन्मभर सोडला नाही, आणि त्याच्या या सगळ्या शिल्पांत शोधायची गोष्ट एकच असते: एक मोठा आकार आणि त्याच्या आधारानं असलेला एक लहान आकार. मोठा लहानाला कसा सावरतोय, कुठं वाकलाय, दोघांत जागा किती सोडलीय. हे नातं वजनातून सांगितलंय, म्हणून चेहऱ्यावरच्या हावभावांची त्याला फारशी गरज पडली नाही.

आणि चेहरा नसलेला दगड आपल्याला परका का वाटावा? आपल्या गावांच्या वेशीवर मरीआई असते, म्हसोबा असतो, कुठल्याशा शिवारात शेंदूर माखलेला तांदळा असतो. त्याला हात नाहीत, पाय नाहीत, फार तर चांदीचे डोळे बसवलेले. आपली आजी त्याच्यापुढे पदर सावरून उभी राहते आणि 'यात देवी कुठे आहे' असं कुणी विचारत नाही. मूरचं शिल्प देव नाही आणि त्यापुढे हात जोडायचे नाहीत. पण नाक-डोळ्यांशिवाय दगडात कुणीतरी आहे हे ओळखायची नजर आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहे, ती संग्रहालयाच्या दारात काढून ठेवू नका एवढंच माझं म्हणणं.

त्याच्या घरचं कुणी कलाकार होतं का?

नाही. वडील कोळशाच्या खाणीत कामाला. आठ भावंडं, हेन्री सातवा. वडिलांना शिक्षणाची फार ओढ होती, आपली मुलं खाणीत उतरू नयेत ही त्यांची धडपड होती. चर्चच्या रविवारच्या शाळेत मायकेलअँजेलो या इटालियन शिल्पकाराची गोष्ट ऐकली आणि अकरा वर्षांच्या हेन्रीनं शिल्पकार व्हायचं ठरवलं. शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी, ॲलिस गॉस्टिक यांनी, त्याला जपलं. मी शिक्षक असल्यानं हे नाव मुद्दाम सांगतो. वडिलांचं मत मात्र आधी शिक्षकाची नोकरी पक्की करावी असं होतं, आणि काही काळ त्यानं शाळेत शिकवलंही.

मग पहिलं महायुद्ध आलं. १९१७ च्या नोव्हेंबरात कांब्रेच्या लढाईत विषारी वायूची बाधा होऊन तो दवाखान्यात गेला. बरा होऊन परतल्यावर माजी सैनिकांसाठीच्या अनुदानावर १९१९ मध्ये लीड्सच्या कलाशाळेत दाखल झाला. तिथं शिल्पकलेचा वर्गच नव्हता, तो त्याच्यासाठी सुरू करावा लागला. १९२१ मध्ये शिष्यवृत्तीवर लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गेला.

लहानपणीची एक आठवण त्यानं पुढे सांगितलेली आहे. आईला संधिवात होता, आणि हा पोरगा तिच्या पाठीला औषधी तेल चोळून द्यायचा. पाठीचा कणा, बरगड्यांची वळणं, कमरेचा भार हे त्याला आधी हातांनी कळलं. पन्नाशी उलटल्यावर त्यानं बसलेल्या बाईचं एक शिल्प केलं, तेव्हा ती पाठ आपण आईचीच करतोय हे त्याच्या ध्यानात आलं. मूरची बसलेली कुठलीही बाई बघायची झाली तर मी मुलांना पाठीमागून सुरुवात करायला सांगतो.

निसर्गातून घेतलेली शिल्पं म्हणतात, पण झाड, पान, फूल, पक्षी कुठंच दिसत नाही?

दिसणार नाही, कारण त्यानं निसर्गाचं चित्र काढलं नाही. निसर्ग वस्तू कशा घडवतो ते शिकून घेतलं आणि त्या रीतीनं माणूस घडवला. या उत्तरावर मला जास्त वेळ घ्यायचा आहे.

मूरच्या लहान कामशाळेतल्या फळ्या गोट्यांनी, हाडांनी, शिंपल्यांनी, गारेच्या खड्यांनी आणि लाकडाच्या ढलप्यांनी भरलेल्या होत्या. १९३० च्या सुमाराला तो नॉरफकच्या समुद्रकिनाऱ्यावर जायचा, तिथले लोहयुक्त दगडाचे गोटे गोळा करायचा आणि त्यांतले काही कोरायचाही. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये जाऊन हाडांची रेखाटनं करायचा. याच काळात त्यानं कागदावर अशी रेखाटनं केली की डावीकडे हाड किंवा शिंपला आहे, आणि उजवीकडे सरकता सरकता त्याचा माणूस झाला आहे.

कशाकडून काय घ्यायचं हे त्यानं १९३४ साली लिहून ठेवलं आहे. गोट्याकडून झीज: पाणी दगडावर कसं काम करतं, आणि झिजूनही दगड दोन्ही बाजूंनी सारखा का होत नाही. हाडाकडून बळ: जाड भागातून बारीक भागात आकार कसा उतरतो आणि तरी ताण कसा धरून ठेवतो. झाडाकडून वाढ आणि पीळ. शिंपल्याकडून पोकळ असूनही टणक असणं. किनाऱ्यावर लाखो गोटे पडलेले असले तरी त्या वेळी मनात जो आकार घोळत असेल त्याच्याशी जुळणारेच आपल्या नजरेत भरतात, हेही त्यानं १९३७ मध्ये लिहिलं. मला हे शंभर टक्के पटतं. क्षेत्र माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर मुलांना सोडलं तर प्रत्येक पोर वेगळा गोटा आणतं, आणि पुन्हा नेलं की तेच पोर आधीच्यापेक्षा निराळाच उचलतं.

माझ्या वर्गातल्या कपाटात बैलाच्या मणक्याचं एक हाड आहे, रानात ऊन-पाऊस खाऊन पांढरं पडलेलं. मुलांच्या हातात मी आधी तेच देतो. मधोमध ठोकळा, तो एका तोंडाला फुगीर आणि दुसऱ्या तोंडाला खोलगट, म्हणजे पुढच्या मणक्याचा फुगवटा यात बसावा. त्याच्यावर मज्जारज्जू जायला आरपार वाट. त्या वाटेवर कमान, कमानीवर उभा काटा, दोन्ही अंगांना पसरलेले पंख. सांध्याच्या जागा घोटल्यासारख्या गुळगुळीत, आणि स्नायू जिथं धरतो तिथं हाड खरखरीत. डोळे मिटून बोट फिरवलं की ठोकळ्याचा पंख नेमका कुठं झाला ते सांगता येत नाही, बोट सरकत राहतं आणि जाडी कमी होत जाते. बैलानं त्या हाडावर आयुष्यभर नांगर ओढलेला आहे, तरी त्यात कुठं फुकटचा भाग नाही आणि कुठं सरळ रेघ नाही. हे हाड पाच मिनिटं हातात धरलेल्या मुलाला मूरची शिल्पं दाखवताना मला फारसं बोलावं लागत नाही.

मूरनं हे अगदी थेट केल्याची उदाहरणं आहेत. १९६१ मधली त्याची एक उभी आकृती पक्ष्याच्या छातीच्या हाडाच्या तुकड्यावरून आली. एका बाजूनं बघितली तर रुंद, दुसऱ्या बाजूनं सुरीच्या पात्यासारखी. लहानसं हाड घ्यायचं, त्याला प्लास्टरचं किंवा प्लॅस्टिसिनचं (न वाळणाऱ्या मऊ मातीचं) डोकं जोडायचं, हातात फिरवून बघायचं, अशी त्याची पद्धत होती.

शिल्पाला भोकं का पाडतो?

दगडाची पुढची बाजू आणि मागची बाजू एक व्हावी म्हणून. भरीव दगडात दोन्ही बाजू एकमेकींना अनोळखी राहतात. आरपार वाट काढली की नजर आत शिरते, पलीकडचा उजेड दिसतो आणि पोकळीलाही आकार येतो. दगड यानं कमजोर होत नाही, भोकाचा आकार आणि दिशा विचार करून ठेवली तर कमानीच्या तत्त्वानं तो उभा राहतो, असं मूरचं म्हणणं होतं. साताऱ्याजवळ लिंब गावची बारामोटेची विहीर ज्यांनी आतून पाहिली आहे त्यांना कमानीची ताकद वेगळी समजावायला नको.

आरपार भोकाचं श्रेय एकट्या मूरला देऊ नका. बार्बरा हेपवर्थ ही त्याची लीड्सपासूनची सहाध्यायी, जन्म १९०३, गाव वेकफील्ड, कॅसलफर्डच्या जवळच. तिनं या वाटेवर त्याच्याइतकंच, माझ्या मते काही बाबतींत आधी आणि जास्त नेमकं काम केलं. औंधात तिचं काम नाही म्हणून तिचं नाव गाळायचं हे बरोबर नाही.

आपल्या काळ्या कातळालाही बारीक भोकं असतात. लाव्हा थंड होताना आतला वायू बुडबुड्यांच्या रूपानं अडकला, त्या पोकळ्या राहिल्या, आणि पुढे काहींत गारगोटी किंवा झिओलाइट नावाचं खनिज भरलं. घराजवळच्या खाणीत फुटलेला दगड उचलून बघा.

त्याच्या शिल्पांतल्या बायका आडव्याच का पडलेल्या असतात?

पहिलं कारण साधं आहे. उभी आकृती दगडात केली की घोट्यापाशी मोडते. आडवी आकृती जमिनीवर निवांत टेकते, मग वरच्या आकारांशी वाटेल ते करता येतं.

दुसरं कारण मेक्सिकोचं. चिचेन इत्सा इथल्या 'चाकमूल' नावाच्या प्राचीन पावसाच्या देवतेशी जोडल्या जाणाऱ्या दगडी मूर्तीचा साचा त्यानं पॅरिसमध्ये पाहिला. पाठीवर टेकलेला, गुडघे वर, मान काटकोनात वळवलेली. १९२९ मधलं त्याचं हॉर्न्टन दगडातलं आडव्या स्त्रीचं शिल्प या मूर्तीवाचून झालं नसतं. ते आता लीड्सला आहे.

तिसरं कारण डोंगर. बाईचा गुडघा आणि डोंगराचा माथा, मांडी आणि उतार, कमरेची खोल जागा आणि खिंड, हे त्याला एकच दिसायचं. १९५९ पासून त्यानं आडव्या आकृतीचे दोन-तीन तुकडेच करून टाकले. पाय इकडे कड्यासारखे, धड तिकडे, मध्ये मोकळी जागा. लीड्सजवळच्या एका उघड्या खडकाची लहानपणची आठवण त्याच्या मनात घर करून होती. रहिमतपूरकडून औंधला येताना पाऊस संपल्यावरच्या दिवसांत डाव्या-उजव्या हाताचे डोंगर बघा, आणि मग या शिल्पांचे फोटो बघा. मी मुलांना वाटेतच हे काम देतो.

दगड 'थेट' कोरायचा म्हणजे काय? पाथरवट तेच करत नाहीत का?

तेच करतात, आणि गंमत अशी की इंग्लंडच्या कलाशाळांत तेव्हा ते शिकवतच नव्हते. विद्यार्थ्यानं मातीत नमुना करायचा, मग मोजमापाच्या यंत्रानं बिंदू घेत घेत तो संगमरवरात उतरवायचा, अशी रीत होती. मूरला ते मान्य नव्हतं. रॉयल कॉलेजमध्ये एका जुन्या इटालियन शिल्पाची संगमरवरी प्रत करायला सांगितली तेव्हा त्यानं ती डोळ्यांच्या अंदाजानं थेट कोरली आणि वर यंत्राच्या बिंदूंच्या खोट्या खुणा करून ठेवल्या, कारण यंत्र वापरणं सक्तीचं होतं. काम आजही आहे, अतिशय उत्तम आहे.

थेट कोरताना दगडाला विचारत जावं लागतं. आपल्याकडचा पाथरवट टाकी लावण्याआधी दगड वाजवून बघतो: खणखणीत वाजला तर धड, बद्द वाजला तर आत चीर. काळा पाषाण कडक, त्यावर बारीक नक्षी टिकते पण घाम काढते. मूरचा आवडता हॉर्न्टन दगड हा तपकिरी-हिरवट चुनखडक, त्याच्या मानानं मऊ. म्हणून त्या दगडात आकार मोठे, गोल आणि सलग आले. लाकडात त्यानं एल्म निवडलं. त्याच्या रेषा मोठ्या आणि लांबीच्या दिशेनं धावतात, म्हणून एल्ममधल्या त्याच्या आडव्या आकृतींवर त्या रेषा गुडघ्यावरून खांद्यापर्यंत पाण्यासारख्या जातात. ज्याचं काम ज्यातून करायचं त्याचा स्वभाव पाळायचा, हा त्याचा तरुणपणीचा नियम होता.

मग एवढी प्रचंड ब्राँझची शिल्पं कशी केली?

आधी तळहातावर मावेल एवढा नमुना. तो हातात फिरवून, उजेडापुढे धरून बघायचा. पटला तर मधल्या मापाचा प्लास्टरचा नमुना, आणि मग सहायकांच्या मदतीनं पूर्ण मापाचा. मोठं काम पुढे पॉलिस्टायरीनच्या (थर्माकोलच्या) ठोकळ्यांतही कापलं जायचं, कारण ते हलकं. शेवटी ओतकाम ओतशाळेत, आणि बहुतेक शिल्पांच्या ठरावीक प्रती.

माझं मत स्पष्ट सांगतो. १९२९ ते १९३९ या काळातली त्याची दगड-लाकडातली कामं मला सर्वांत थोर वाटतात. हातावर खरा वाटणारा आकार बारा-पंधरा फुटांचा केला की दर वेळी तो खरा राहतोच असं नाही. ब्राँझच्या काही मोठ्या कामांत पृष्ठभाग नुसता मोठा झाला आहे, त्याला सांगायला नवीन काही नाही. पण काही ठिकाणी ती भव्यता सार्थ झाली आहे, आणि त्यासाठी पुढचा प्रश्न.

मेंढ्यांचं शिल्प आहे म्हणतात ते कुठलं?

माण-खटावच्या माणसाला हे आवडणारच. १९४० मध्ये लंडनच्या घराचं बाँबहल्ल्यात नुकसान झालं, तेव्हा मूर हर्टफर्डशरमधल्या पेरी ग्रीन या खेड्यात राहायला गेला आणि मरेपर्यंत तिथंच राहिला. कामशाळेला लागून कुरण, कुरणात शेजाऱ्याच्या मेंढ्या. १९७२ साली फ्लॉरेन्सच्या मोठ्या प्रदर्शनासाठी शिल्पांची बांधाबांध चालली होती, त्या गडबडीतून सुटका म्हणून तो छोट्या कामशाळेत जाऊन बसायचा आणि खिडकीतून मेंढ्या रेखाटायचा. काचेवर टकटक केलं की मेंढी मान वर करून बघत राहायची, तेवढ्यात रेखाटन व्हायचं. सुरुवातीला त्याला नुसते लोकरीचे गोळे दिसले. हळूहळू लोकरीखालचं शरीर, हाडं, प्रत्येक मेंढीची चाल दिसू लागली. मग कोकरं आली, आणि वहीत पुन्हा आई आणि मूल सुरू झालं.

त्याच सुमाराचं 'शीप पीस' हे मोठं ब्राँझ शिल्प त्या कुरणातच उभं आहे. एक मोठा आकार लहान आकाराला लागून, आणि मेंढ्या त्याच्या सावलीला बसतात, त्याला अंग घासतात. खालचा भाग त्यांच्या लोकरीनं घासून उजळला आहे. शिल्पाला याहून चांगला प्रेक्षक मिळणं कठीण.

मूरकडे हत्तीची कवटी होती म्हणतात, तिचं काय?

जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सली आणि त्यांच्या पत्नीनं ती त्याला १९६८ मध्ये भेट दिली. त्यानं तिच्यावरून मुद्राचित्रांची मालिका केली, धातूच्या पत्र्यावर ॲसिडनं कोरून छापलेली. जवळून बघितल्यावर त्याला कवटीत गुहा, भुयारं, कमानी दिसल्या.

युद्धात त्यानं काय केलं?

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर रात्री बाँब पडत तेव्हा हजारो लोक भुयारी रेल्वेच्या फलाटांवर झोपायचे. मूरनं त्यांची रेखाटनं केली, मेणाच्या खडूवर जलरंगाचा हात देऊन. आडव्या झोपलेल्या माणसांच्या रांगा, कुशीत पोरं. आधी ज्यांना त्याची शिल्पं समजत नव्हती त्या सामान्य लोकांना ही चित्रं समजली. नॉर्थॅम्प्टनच्या चर्चसाठी १९४३-४४ मध्ये केलेली माता-बालक शिल्पाकृतीही याच युद्धकाळातली.

त्याच्यावर टीका झाली नाही का?

झाली, आणि काही रास्त होती. सरकारी पैसा एकाच शिल्पकाराच्या दालनावर खर्च होऊ नये म्हणून १९६७ साली इंग्लंडमधल्या अनेक कलावंतांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. सह्या करणाऱ्यांत त्याच्याकडे पूर्वी सहायक असलेला शिल्पकार अँथनी कॅरोही होता. पुढच्या पिढीला पुतळ्याची बैठक, ब्राँझ, माणसाची आकृती हे सगळंच सोडायचं होतं. त्या भांडणातून चांगलं काम निघालं, तेव्हा ते झालं ते बरंच झालं.

मूरचं एक शिल्प चोरीला गेल्याची बातमी खरी का?

खरी. डिसेंबर २००५ मध्ये पेरी ग्रीनहून सुमारे दोन टन वजनाची ब्राँझची आडवी आकृती ट्रकवर चढवून पळवली. ती भंगार म्हणून वितळवली असावी असं पोलिसांचं अनुमान. वाचून जीव तुटला होता.

आपल्याकडे अशा वाटेनं कुणी गेलं का?

मुंबईचे आदी दावियरवाला (१९२२–१९७५) हे औषधनिर्माणातले रसायनतज्ज्ञ, शिल्पकला स्वतःची स्वतः शिकलेले. पिलू पोचखानवाला (१९२३–१९८६) यांच्यावर सुरुवातीला मूरचा प्रभाव होता, नंतर त्यांनी धातूच्या तुकड्यांतून स्वतःची भाषा घडवली. शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये 'संथाळ कुटुंब' केलं ते सिमेंट आणि जांभ्याच्या खड्यांत. आपल्या कासच्या पठारावरचा दगड तोच, जांभा. त्याचा खरबरीतपणा ज्यांना ठाऊक आहे त्यांनी या शिल्पाचे फोटो जरूर बघावेत.

आणि अलिबागजवळ सासवण्याला विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांचं संग्रहालय आहे. त्यांनी गुरंढोरं आणि कोकणातली माणसं हुबेहूब केली. मूरची वाट आणि करमरकरांची वाट अगदी वेगळी, पण म्हशीच्या पाठीवरच्या हाडांची ठेवण दोघांनीही मनापासून पाहिली असती. औंध आणि सासवणे ही दोन्ही ठिकाणं मुलांना दाखवावीत, एक बघून दुसरं कमी लेखू नये.

आमच्या मुलांना हे घरी करता येईल का?

येईल, आणि खर्च जवळजवळ नाही. नदीचे गोटे, आंब्याची कोय, सागरगोटा, बाभळीची वाळकी शेंग, शंख, झाडाच्या मुळाचा तुकडा, रानात पडलेलं गुराचं हाड. हाड असेल तर धुऊन, कडक उन्हात चांगलं वाळवून घ्यावं. वन्य प्राण्याची शिंगं, हाडं मात्र उचलू नयेत, वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. कासच्या पठारावरून फूल, रोप, दगड काहीही आणायचं नाही, तिथलं तिथंच बघायचं.

आधी रेखाटन, एकाच वस्तूचं निदान चार बाजूंनी. मग डोळे मिटून हातानं चाचपणं. मग शाडूचा गोळा घेऊन त्या वस्तूची नक्कल न करता तिच्यासारखा वागणारा एखादा प्राणी किंवा माणूस करायचा: गोट्यासारखा झिजलेला, किंवा मणक्यासारखा ताठ. लहान मुलं हे पटकन करतात. सातवी-आठवीनंतर 'कशासारखं दिसतंय' याची भीती बसते, तिथं पालकांनी 'हे काय केलंस' म्हणू नये. कोरायचं असेल तर कपडे धुण्याच्या साबणाची वडी आणि बोथट सुरी पुरते. दगड मोठ्यांच्या देखरेखीखाली, डोळ्यांवर चष्मा लावूनच.

औंधला कसं जावं, किती वेळ काढावा?

साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे सुमारे ४५ किलोमीटर. रेल्वेनं यायचं तर रहिमतपूर स्थानक जवळचं. पौषात यमाईची यात्रा असते, तेव्हा गर्दी फार, शिल्पं निवांत बघायची असतील तर ते दिवस टाळावेत. संग्रह मोठा आहे, अर्धा दिवस हाताशी ठेवा. एका फेरीत सगळं बघायचा हट्ट धरू नका, मुलं दमतात.

शिल्पाला हात लावला तर चालतो का?

नाही. मूरला आपली शिल्पं हातानं अनुभवावी असं वाटायचं, तरीही नाही. हाताचं तेल आणि घाम दगडात मुरतो, वर्षानुवर्षं हात लागले की डाग पडतो आणि कोरीव कडा मरतात. म्हणून मुलांच्या खिशात एकेक गोटा असू द्या. डोळे शिल्पावर, बोटं गोट्यावर. संग्रहालयातल्या माणसांचीही याला हरकत नसते, फक्त गोटा काचेजवळ उडवू नका म्हणून आधी बजावून ठेवा.